पिवळी रेघ

१४ ऑगस्ट, गुरुवार

विमान गेलं. मी अजून इथेच, ऑस्ट्रेलियात, लोगनमध्ये.

पहाटे निघालो तेव्हा सगळं वेळेत होतं. गाडी फालानिको चालवत होता. माझा हा धाकटा भाऊ स्टिअरिंग हातात आलं की भजनं गातो, आज गप्प होता. आईसाठी असेल, असं मला वाटलं. त्याला खाटीकखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून दोघांच्या वतीने मी एकटीच आईच्या दफनाला सामोआला निघाले होते. हायवेवर लाल दिवा लागला. "हा कसला रे?" मी विचारलं. "लागतो कधीकधी," तो म्हणाला. थोड्या वेळाने इंजिनात कोणी हातोडी मारतंय असा आवाज आला आणि व्हॅन रस्त्याच्या कडेला जी थांबली ती थांबलीच. गाडी ओढून नेणारा आला, वाकून बघितलं, म्हणाला, "ऑइलचा थेंब नाही बाई. सगळं खालून गेलंय. इंजिन जाम." टॅक्सी मिळून विमानतळावर पोचेपर्यंत काउंटर बंद. पुढचं विमान सोमवारी. दफन शनिवारी.

याच सोमवारी आमच्याच चर्चला येणाऱ्या गॅरेजवाल्या मातायोने ऑइल बदललं होतं. "ताई, निर्धास्त जा," म्हणाला होता. निर्धास्त. ऑइल चेंबरचा खालचा नट सैल सोडला मेल्याने, दुसरं काय असणार.

आईच्या शवपेटीवर घालायची तलम चटई माझ्या बॅगेत आहे.

फालानिको बिचारा रडून रडून अर्धा झाला. काल रात्रीच त्याने व्हॅनखाली खोक्यांचे पुठ्ठे पसरून ठेवले होते, म्हणे बॅगा चढवताना मातीत टेकायला नकोत. भाऊ असावा तर असा.

१७ ऑगस्ट, रविवार

काल फोनवर बघितलं. चुलतबहिणीने फोन धरला होता, तिचा हात सारखा हलत होता. पेटीवर सगळ्यांच्या चटया होत्या. थोरल्या लेकीची नव्हती. कोणी काही बोललं नाही, पण मी आमच्या बायकांना ओळखते. पुढची वीस वर्षं बोलतील.

मातायो शुक्रवारी मागच्या अंगणात आला होता. "व्हॅनखाली एकदा बघू का?" मी झाडू उगारला. चोराच्या मनात चांदणं. आता खाली शिरून नट आवळेल आणि वर मलाच सांगेल, बघ, घट्टच आहे.

आज चर्चमध्ये तो आमच्या पुढच्याच बाकावर होता. अख्खी प्रार्थना मी त्याच्या मानेकडे बघत केली. देवाला मी काय मागितलं ते इथेसुद्धा लिहीत नाही.

एक मात्र लिहिते. आजपासून माझ्या गाडीला कुठल्याही पुरुषाचा हात लागणार नाही. आणि मातायोला मी रस्त्यावर आणीन.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहाटे दार उघडलं तर अंगणात कोणीतरी बसलेलं. मांडी घालून, मान खाली, डोक्यावरून तलम चटई. मातायो. शेजारी त्याची आई, पेपेआजी, तीही मान खाली घालून.

इफोंगा. गावी कोणाच्या हातून माणूस मेला की त्याचे लोक असे येऊन बसतात. घरच्यांनी चटई उचलली की माफ केलं. नाही उचलली, तर पूर्वी कोयतेही उचलायचे. ऑइलपायी कोणी बसल्याचं मी ऐकलं नव्हतं.

फालानिको धडपडत उठला. चटई उचलायची ती घरच्या पुरुषाने. तो दारापर्यंत पोचला होता. मी म्हटलं, "माझा भाऊ असशील तर जागचा हलू नकोस." सामोअन भावाला बहिणीचा शब्द मोडता येत नाही. हे मला चांगलं माहीत आहे आणि मी ते वापरलं. तो बसला. "ताई, घे ना त्याला आत," तो म्हणाला, मग परत म्हणाला, मग नुसताच माझ्याकडे बघत राहिला. फार मऊ आहे पोरगा.

मी खिडकीशी चहा घेत बसले. थंडी गेली, ऊन वर आलं, शेजारचे गोरे कुंपणावरून डोकावले. एकदा मातायोच्या पाठीला कंप सुटलेला दिसला. मी आणखी एक कप केला. दुपार कलल्यावर पेपेआजीनेच त्याला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या खिडकीकडे न बघता घेऊन गेली.

मला वाटलं होतं याने पोटातली आग शांत होईल. उलट भूक लागली.

६ सप्टेंबर, शनिवार

जुनी निळी गाडी घेतली, हाताने गिअर टाकायची नाही, आपोआपची. फालानिकोने स्वतःहून जॅक आणला, दोन लोखंडी स्टँड आणले, पान्यांचा अख्खा संच आणला. मी मागितलं नव्हतं. व्हॅन भंगारवाल्याला देऊन टाकू असं म्हणाला, अंगण मोकळं होईल. मी म्हटलं, राहू दे. रोज सकाळी दिसली की राग ताजा राहतो. त्याने गपचूप तिच्यावर ताडपत्री टाकली.

आज पहिल्यांदा गाडीखाली गेले. फोनवर चार व्हिडिओ पाहून गेले होते, त्यामुळे भलतीच शहाणी झाले होते. नट सोडला तर लालचुटुक धार. इंजिनाचं ऑइल काळं असतं. मी गिअरचं सगळं ऑइल अंगणात ओतलं होतं. सुट्या भागांच्या दुकानातला म्हातारा गोरा गडी ऐकून इतका हसला की त्याला काउंटर धरावं लागलं. मग म्हणाला, "सगळेच एकदा करतात. मी दोनदा केलंय." आणि लाल डबा काढून दिला.

केसांत ऑइल, कानात ऑइल. वृद्धाश्रमात माझी ड्युटी कपडे धुण्याची, आणि आज माझाच झगा तिथल्या मशीनमध्ये घालायची सोय राहिली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

जमलं. गाडी जॅकवर चढवून स्टँडवर ठेवली. काळं ऑइल परातीत काढलं. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग आपल्या जागी चिकटून राहिली नाही ना ते बोटाने पाहिलं. नवा हाताने घट्ट केला. नटाला नवं तांब्याचं वायसर लावलं आणि तीनदा आवळून पाहिला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ऑइल मोजायच्या पट्टीवर बरोबर खुणेला. इंजिन सुरू केलं, तर मांजर घुरघुरावं तसं.

मी वीस वर्षं या कामाला घाबरत होते. यात घाबरण्यासारखं काय आहे? तो मातायो याच्या जिवावर चर्चमध्ये छाती काढून चालतो.

आणि आंघोळ करताना सुचलं. मला त्याचं गॅरेज जाळायची गरजच नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

चर्चच्या मैदानात, चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या रांगेपलीकडे, मी माझे स्टँड मांडले. पाद्रीबाईंना सांगितलं होतं, सेवा म्हणून करते. ऑइल आणि फिल्टर ज्याचा त्याने आणायचा, हात माझे, फुकट.

फुकट म्हटल्यावर आपली माणसं काय करतात ते सांगायला नको. मैदान भरलं. सगळी मातायोची गिऱ्हाइकं. सुरुवातीला मान खाली घालून आली, मग एकमेकांना बघून धीट झाली. एक जण म्हणाला, "एसेताताई, मातायोला वाईट वाटेल हो." मी म्हटलं, "मग त्याच्याकडे जा. विमानाचं तिकीट मात्र काढू नकोस." लोक हसले. मला ते हसणं हवं होतं.

प्रत्येक गाडीच्या चेंबरवर त्याची खूण आहे. नटापासून चेंबरवर ओढलेली रंगाची पिवळी रेघ, बोटाएवढी. चित्रकार सही करतो तशी. नट सोडण्याआधी मी ती पेट्रोलच्या फडक्याने पुसते. तसं पुसण्याची काही गरज नसते.

फालानिको सगळ्यांना पानिकेकेचे गोड गोळे तळून वाटत होता. माझ्याजवळ मात्र फिरकला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुलांचा पांढरा रविवार. सगळी पोरं पांढऱ्यात, आम्हीही पांढऱ्यात. माझ्या नखांतलं काळं काही केल्या निघालं नाही. लिंबू झालं, राख झाली. पाद्रीबाईंनी हात हातात घेतला आणि सोडायला विसरल्या. "एसेता, हे पुरे झालं नाही का?" त्यांनी विचारलं. मला वाटलं नखांबद्दल बोलतायत.

मातायो आला नव्हता. त्याची जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेकडे बघत मला गाता आलं नाही. मानेची सवय झाली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

गॅरेज बंद झालं. मला आधी खरं वाटेना, म्हणून कामावरून येताना मुद्दाम त्याच्या गल्लीतून आले. पत्र्याचं दार खाली ओढलेलं, समोर गवत. मी गाडी थांबवली नाही. पण हळू केली.

आणि आज पेपेआजी मैदानात आली. आपली लहानशी गाडी रांगेत लावली, छत्री उघडून उभी राहिली. सगळे पांगले. मी म्हटलं, "आजी, तुमच्या घरी माणूस आहे की."

"आहे," ती म्हणाली. "पण तो नट आवळतो, मग सोडतो, परत आवळतो, परत सोडतो. मग खाली बसून राहतो. म्हणतो, आई, माझ्या हाताला कळत नाही. आता कोंबड्यांच्या कारखान्यात जातो."

मी खाली शिरले. तिच्या चेंबरवरही पिवळी रेघ होती. मी फडकं काढलं.

"पुसू नकोस," ती वाकून म्हणाली. "रेघ तुटलेली दिसली की नट हलला समजायचं. अखंड असली की नाही हलला. त्याच्या बापाची शिकवण. तुझ्या व्हॅनवर होती ना? तुटली होती की ओढायचीच विसरला, एवढं तरी सांग. तो रोज मला विचारतो, आणि मी कुठून सांगू?"

मी म्हटलं, "तुटल्याशिवाय ऑइल गेलं का?" तिने मान हलवली आणि मला एक डबाभर शिजवलेल्या अळकुड्या दिल्या. शत्रूला कोणी अळकुड्या देतं का? मी घरी आणल्या आणि खाल्ल्याही.

तो उद्ध्वस्त झालाय. हेच तर मी मागितलं होतं. मागितलं ते मिळालं, तर आनंद व्हायला हवा. थोडा झालाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लोक उलटायला लागले. फुकट सेवा घेतात आणि वर म्हणतात, बिचारा मातायो. कामावर आमच्या चर्चची एक बाई म्हणाली, "नट सैल होता हे बघितलं कोणी? तू बघितलंस?"

ठीक आहे. दाखवते. आता मला नट कळतो, वायसर कळतं, रेघही कळते. शनिवारी व्हॅनखाली जाते, तुटलेल्या रेघेचा फोटो काढते आणि रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांच्या फोनवर पाठवते. मग बघू कोण बिचारा म्हणतो.

फालानिकोला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, भंगारवाला उद्या येतोय, मीच बोलावलंय, सांगायचं राहिलं. मी म्हटलं, रद्द कर. त्याने फोन उचलला, रद्द केलं, आणि ताट तसंच ठेवून झोपायला गेला. माझ्या रागाला हल्ली तोही कंटाळलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रेघ अखंड आहे.

मी ती पेट्रोलने पुसली नाही. बोट फिरवलं, वाळलेला रंग, नटावरून सरळ चेंबरवर. पाना लावून पाहिला. नट जागचा हलेना. मग दिवा पुढे नेला. चेंबरला पुढच्या कोपऱ्यात खोक पडलेली, आणि तिथून गेलेली चीर, माझ्या करंगळीएवढी लांब. खोकेत पांढरं काहीतरी घासलेलं. नखाने खरवडलं. चुना.

आमच्या गल्लीत चुना लावलेला दगड नाही. हायवेवर नाही. विमानतळावर नाही.

फोटो काढला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या दगडांच्या रांगेत वळणावरचा एक दगड बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे. नंतर परत रंगवलेला. मी तिथे दर शनिवारी गाड्यांखाली लोळत होते, आणि वर मान करून तो कधी बघितला नाही.

दुपारचं जेवण वाढलं. फालानिकोला म्हटलं, "त्या बुधवारी, मी निघायच्या आदल्या दिवशी, सोबत न्यायच्या खाण्यासाठी बर्फाचा डबा आणायला तू व्हॅन घेऊन चर्चमध्ये गेला होतास."

त्याने चमचा खाली ठेवला. जणू तीन महिने हातात धरून दमला होता.

"वाटलं, नुसतं खरचटलंय. रात्री थेंब दिसले. म्हणून पुठ्ठे टाकले. वाटलं, विमानतळापर्यंत जाईल, मग दुरुस्त करून आणू, तुला कळणारही नाही. आईचं दुःख तुला होतंच, त्यात आणखी..."

"आणि दिवा?"

"दिवा बघितला."

"मातायो?"

"तो येऊन बसला तेव्हा मी उठलो होतो, ताई. दारात बोलणार होतो, सगळ्यांसमोर. तू म्हणालीस, हलू नकोस."

"नंतर तीन महिने मी तुझ्या तोंडात बोळा घातला होता?"

"नंतर रोज सांगणार होतो."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि बिनमिठाची अळकुडी ठेवली. या आठवड्यात याच्यापुढे दुसरं काही येणार नाही. आईला मी माती दिली नाही ती याच्यामुळे. ज्याचा गळा धरला तो माणूस चुकीचा होता, तेही याच्यामुळे. माझ्या रागाला तोंड बदलायला एक क्षणही लागला नाही, इतका तो तयार होता.

पण खिडकीशी दोन कप चहा प्यायला मला कोणी लावलं होतं? त्याचा विचार आला की मी उठून भांडी घासते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मातायोने चटई दुपारी उचलली, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

पहाटे फालानिकोला उठवलं. बॅगेतून आईची चटई काढली. काय ते तो लगेच समजला आणि बूट न घालताच गाडीत बसला. मातायोच्या अंगणात आंब्याच्या झाडासमोर बसलो, दोघांवर मिळून एक चटई. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ही चटई आईच्या अंगावर जायची होती.

दार वाजलं. पावलं आली आणि थांबली. चटईच्या विणीतून मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"ताई? तू का?"

"आम्ही दोघं," मी म्हटलं.

तो जवळ आला. मग उकिडवा बसला. "व्हॅन बघितलीस?"

"बघितली."

"रेघ?"

"जशी ओढलीस तशी. चेंबर दगडावर फुटलंय. हा चालवत होता."

त्याचे हात मला दिसत होते. तो एका हाताच्या अंगठ्याने दुसऱ्या हाताची बोटं चाचपत होता, एकेक करून, ती आहेत का बघावं तशी. मग त्याने विचारलं, "फालानिको, तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री."

मातायोने चटईची कड उचलली, फक्त माझ्या बाजूची. "तू ऊठ. तुझी चूक झाली. याने तीन महिने मला माझ्याच हातांचा संशय घ्यायला लावला. याला बसू दे."

मी उठले. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. पेपेआजीने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि कोको दिला. खिडकीतून फालानिको दिसत होता, चटईखालचा ढिगारा. इथल्या उन्हाळ्यातलं नोव्हेंबरचं ऊन, सकाळीच चटके देणारं. बरं झालं, म्हटलं. आणखी तापू दे. मागे पत्र्याचं दार वर गेलं आणि हवेचा पंप फटफटत सुरू झाला. पेपेआजीने डोळे मिटून तो आवाज ऐकला.

मग म्हणाली, "माझा पोरगा तुझ्या अंगणात होता, तेव्हा तू अशीच कोको घेत होतीस?"

"चहा," मी म्हटलं.

"हं," म्हणाली, आणि माझा कप परत भरला. त्याहून कडू मला आजवर कोणी काही पाजलेलं नाही.

मी बाहेर बघत राहिले. ऊन सरकलं होतं. आंब्याची सावली माझ्या जागेवर आली होती, मी उठले होते तिथे, आणि ती रिकामी होती. फालानिको तिच्या शेजारी उन्हात. वीतभर सरकला असता तरी सावलीत गेला असता. चटईची माझी बाजू त्याने तशीच हाताने वर धरून ठेवली होती, कोणीतरी आत यायचं आहे अशी.

लहानपणी पावसात तो केळीचं पान असंच धरायचा. अर्ध्याहून जास्त माझ्यावर.

मी कप ठेवला आणि बाहेर जाऊन कडेने चटईखाली शिरले. मातायोने पंप बंद केला आणि गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. म्हटलं, बघू दे. आम्हाला हवं तेवढं बसवू दे.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी फालानिकोला म्हटलं.

"माहीत आहे, ताई."

"मग सावलीत सरक."